वाचकांचे प्रश्न : ३,३५,५०,३३६ या संख्येविषयी

मागील अंकातील लेखात ६, २८, ४९६ आणि ८,१२८ या चार परिपूर्ण संख्या उदाहरणांसह दिल्या होत्या आणि पाचवीचा, म्हणजे ३,३५,५०,३३६ हिचा, केवळ उल्लेख करून लेख आवरता घेतला होता. जी संख्या स्वतःखेरीज आपल्या इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असते ती परिपूर्ण, एवढी व्याख्या लक्षात असली की पुढील मजकूर समजण्यास अडचण पडू नये. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक या पाचव्या संख्येविषयीच असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर तिलाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : मी आणि माझी सातवीत शिकणारी नात, आम्ही दोघांनी मिळून या संख्येचे विभाजक काढले आणि बेरीज केली. बेरीज ३,३५,३३,९५४ आली, म्हणजे १६,३८२ ने कमी. तीन वेळा ताळा पाहिला. संख्या छापताना चूक झाली आहे काय? (कराड)

उत्तर : संख्या बरोबर छापली आहे आणि आपली बेरीजही बरोबर आहे, केवळ एक विभाजक मांडायचा राहिला आहे आणि तो कोणता हे आपल्या तुटीनेच सांगितले आहे. १६,३८२ म्हणजे ८,१९१ ची दुप्पट, आणि ती स्वतःच या संख्येचा विभाजक आहे. ८,१९१ लिहिल्यावर पुढची ओळ लिहिताना आपण बहुधा थेट चौपटीवर, म्हणजे ३२,७६४ वर गेला असाल. हिशेबात तूट आली की ती रक्कम प्रथम नोंदींमध्येच शोधावी, असे जमाखर्च लिहिणारी जुनी मंडळी सांगत. येथेही तीच युक्ती उपयोगी पडली.

संख्येची घडण पाहिली तर विभाजक सुटण्याची भीती राहत नाही. ३,३५,५०,३३६ म्हणजे ४,०९६ गुणिले ८,१९१. त्यांपैकी ४,०९६ हा २ चा बारावा घात आहे आणि ८,१९१ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे विभाजकांचे दोनच गट पडतात. पहिल्या गटात १, २, ४, ८ असे दुपटीने चढत ४,०९६ पर्यंत जाणारे तेरा विभाजक आहेत. दुसऱ्या गटात ८,१९१ पासून सुरू होऊन पुन्हा दुपटीनेच चढणारे आहेत : ८,१९१, १६,३८२, ३२,७६४, ६५,५२८, १,३१,०५६, २,६२,११२, ५,२४,२२४, १०,४८,४४८, २०,९६,८९६, ४१,९३,७९२, ८३,८७,५८४ आणि १,६७,७५,१६८. हे बारा झाले; तेरावी ती संख्या स्वतःच, आणि तिला व्याख्येनेच वगळले आहे.

आता बेरीज करण्याचेही कारण नाही. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक आणि पुढे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट तांदळाचे दाणे ठेवत गेल्यास कोणत्याही घरापर्यंतची एकूण बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा एकाने कमी भरते, हे आपल्या नातीला ठाऊक असेल. त्यानुसार तेरा घरांपर्यंतचे दाणे होतात ८,१९१, म्हणजे पहिल्या गटाची बेरीज नेमकी ८,१९१. दुसऱ्या गटात ८,१९१ हा आकडा एकदा, दोनदा, चारदा असा करत २,०४८ वेळा येतो; एकूण वेळा झाल्या ४,०९५. आपल्याला हव्या आहेत ४,०९६ वेळा. उणा पडलेला एक ८,१९१ पहिला गट भरून देतो आणि हिशेब चुकता होतो. युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या नवव्या पुस्तकाच्या छत्तिसाव्या सिद्धान्तात हेच सांगितले आहे : दुपटीची बेरीज मूळ संख्या आली, तर तिला शेवटच्या पदाने गुणावे, परिपूर्ण संख्या मिळते. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच घडणीची असली पाहिजे, ही उलट बाजू मात्र ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केली. मधे दोन हजार वर्षे गेली.

प्रश्न : आपण ‘परिपूर्ण संख्या’ लिहिता, शाळेच्या पुस्तकात ‘पूर्ण संख्या’ असतात. त्या निराळ्या काय? (लातूर)

उत्तर : निराळ्या. शाळेतील पूर्ण संख्या म्हणजे शून्यासह सर्व नैसर्गिक संख्या. त्या अगणित आहेत. परिपूर्ण संख्या आजवर ५२ सापडल्या आहेत.

प्रश्न : ८,१९१ ही मूळ संख्या आहे हे पडताळण्यासाठी मी ८९ पर्यंतच्या सर्व म्हणजे २४ मूळ संख्यांनी तिला भागून पाहिले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. याहून लहान वाट असल्यास कळवावी. (रत्नागिरी)

उत्तर : ८९ वर थांबलात हे बरोबर केले, कारण ९१ चा वर्ग ८,२८१ होतो आणि तो ८,१९१ च्या पुढे जातो, त्यामुळे दोन्ही विभाजक ९० हून मोठे असणे शक्य नाही. वाट मात्र पुष्कळच लहान आहे : चोवीस नव्हे, दोन भागाकार पुरतात.

समजा, q या मूळ संख्येने ८,१९१ ला निःशेष भाग जातो. ८,१९१ म्हणजे २ च्या तेराव्या घातातून एक वजा केलेली संख्या, तेव्हा २ च्या तेराव्या घाताला q ने भागल्यास बाकी १ उरते. आता २ चे घात एकेक करून घ्यावेत, प्रत्येकाला q ने भागावे आणि बाक्या ओळीने लिहीत जावे. बाकी १ आली की तेच चक्र पुन्हा सुरू होते. चक्राची लांबी तेराला भागणारी असली पाहिजे. तेरा मूळ असल्याने ती १ तरी असेल किंवा १३ तरी, आणि पहिल्याच पायरीला बाकी १ येणे शक्य नसल्याने ती १३ च ठरते. दुसरीकडे फर्माने १६४० मधील पत्रात सांगितलेला प्रसिद्ध नियम असा, की २ च्या (q वजा १) व्या घाताला q या विषम मूळ संख्येने भागल्यास बाकी १ च उरते. तेव्हा तेरा पायऱ्यांच्या चक्राने (q वजा १) पायऱ्यांत पूर्ण फेऱ्या मारल्या पाहिजेत, म्हणजेच q मधून १ वजा केल्यास उरणारी संख्या १३ च्या पटीत हवी. ती समही असते, म्हणून ती २६ च्या पटीत हवी.

आता २६ च्या पटींत एक मिळवून पाहू : २७, ५३, ७९, पुढची १०५, ती मर्यादेबाहेर. २७ मूळ नाही. ५३ हे १५४ वेळा जाऊन ८,१६२ होतात आणि २९ उरतात. ७९ हे १०३ वेळा जाऊन ८,१३७ होतात आणि ५४ उरतात. संपले. अशा विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, असा आणखी एक नियम आहे. ५३ ला भागल्यास ५ उरतात, म्हणून ५३ ही गळते आणि एकच भागाकार शिल्लक राहतो.

आपल्या दोन संध्याकाळी वाया गेल्या असे समजू नये. बोलोन्याच्या पिएत्रो कातालदी याने १५८८ मध्ये सहावी आणि सातवी परिपूर्ण संख्या शोधताना हेच केले. सहाव्या संख्येसाठी १,३१,०७१ ही मूळ आहे हे त्याला दाखवायचे होते, आणि त्यासाठी त्याने स्वतः मूळ संख्यांचे कोष्टक तयार करून ३५९ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागाकार केले. ते ७२ भागाकार होतात. वरील नियमाने (तेथे २६ च्या जागी ३४ घ्यायचे) १०३, १३७, २३९ आणि ३०७ एवढे चारच करावे लागले असते. पण फर्माचे पत्र लिहिले गेले तेव्हा कातालदीला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

प्रश्न : परिपूर्ण संख्या एक अंकी एक, दोन अंकी एक, तीन अंकी एक, चार अंकी एक अशा आहेत आणि त्यांच्या शेवटी आळीपाळीने ६ व ८ येतात असे मी वाचले होते. मग पाचवी एकदम आठ अंकी कशी? मधल्या तुम्हांला सापडल्या नाहीत असे तर नव्हे? (बेळगाव)

उत्तर : आपण जे वाचले त्याला फार जुना आधार आहे. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास निकोमाखस याने आपल्या अंकगणितात हाच क्रम सांगितला आणि पुढे हजार वर्षांहून अधिक काळ तो पुष्कळांनी जसाच्या तसा उतरवून घेतला. हाताशी चार उदाहरणे होती आणि चारही नियमात बसत होती. तेव्हा त्याला फार दोष देता येत नाही. मला त्याच्यापेक्षा त्याचे नियम न पडताळता पुढे देणाऱ्यांचे अधिक नवल वाटते, कारण पाच अंकी परिपूर्ण संख्या कोणीच दाखवू शकत नव्हता.

ती का नाही, हे पाहणे सोपे आहे. युक्लिडच्या रीतीत घातांक ७ घेतला, म्हणजे २ च्या सातव्या घातातून एक वजा केला, की १२७ येते आणि ६४ गुणिले १२७, म्हणजे ८,१२८ मिळते. घातांक ८ घेतला तर २५५ येते. ती उघडच मूळ नाही. घातांक ९ घेतल्यास ५११ येते, आणि ५११ म्हणजे ७ गुणिले ७३. तरीही तिला मूळ मानून २५६ ने गुणले तर १,३०,८१६ ही सहा अंकी संख्या मिळते. घातांक ११ घेतल्यास २,०४७ येते आणि १,०२४ ने गुणल्यावर २०,९६,१२८ ही सात अंकी संख्या मिळते. विषम घातांक घेतला की मूळ संख्या मिळतेच, अशा समजुतीपोटी या दोन्ही संख्या जुन्या युरोपीय लेखनात परिपूर्ण म्हणून वावरत होत्या. त्या तशा नाहीत. २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९; त्यामुळे आधीच्या उत्तरात सांगितलेल्या दोन गटांत २३ च्या आणि ८९ च्या पटींचे आणखी दोन गट येऊन मिळतात आणि बेरीज २३,२५,३९२ वर जाते. हिशेब चुकता होण्याऐवजी २,२९,२६४ ने वर जातो. अशा संख्येला अधिक संख्या म्हणतात. बेरीज कमी भरली तर न्यून संख्या. घातांक स्वतः मूळ असला तरी तेवढ्याने काम भागत नाही, याचे २,०४७ हे सर्वांत लहान उदाहरण आहे, आणि ते १५३६ मध्ये हुडालरिकस रेगियस याने छापून दाखवले. त्याच पुस्तकात त्याने घातांक १३ घेऊन ३,३५,५०,३३६ ही संख्याही दिली.

मात्र तिचा पहिला शोध त्याचा नव्हे. पंधराव्या शतकाच्या मध्यातील एका निनावी लॅटिन हस्तलिखितात ती आहे, आणि त्याच्याही दोनशे वर्षे आधी इब्न फल्लूस (११९४–१२५२) या अरबी गणितज्ञाने दिलेल्या यादीत पहिल्या सातही संख्या बिनचूक आहेत. त्याने यादीत आणखीही काही संख्या दिल्या होत्या, त्या चुकीच्या निघाल्या. पण युरोपात ज्या संख्या अवतरायला आणखी काही शतके लागली त्या त्याच्याकडे होत्या, हे सांगितलेच पाहिजे.

आता शेवटच्या अंकाविषयी. ६ किंवा ८ खेरीज दुसरा अंक येत नाही हे निकोमाखसचे म्हणणे सम परिपूर्ण संख्यांपुरते खरे आहे. आळीपाळीचा भाग तेवढा खोटा आहे. घातांकाला ४ ने भागल्यास बाकी १ उरत असेल तर शेवटी ६ येतो आणि ३ उरत असेल तर ८ येतो. घातांक ३, ५, ७ आणि १३ अशा ओळीने पाहिल्यास बाक्या ३, १, ३, १ अशा येतात, म्हणून पाचव्या संख्येपर्यंत पाळी चुकत नाही. पुढचा घातांक १७; त्याचीही बाकी १ च. म्हणून सहावी संख्या ८,५८,९८,६९,०५६ पुन्हा ६ वरच संपते. त्यानंतर १९ आणि ३१ या घातांकांच्या सातव्या व आठव्या संख्या लागोपाठ ८ वर संपतात.

प्रश्न : ही संख्या वर्गसंख्या नाही हे दिसतेच. पण दोन किंवा तीन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल काय? घनांची? (ठाणे)

उत्तर : दोन वर्गांची नाही आणि तीन वर्गांचीही नाही. ८,१९१ ला ८ ने भागल्यास बाकी ७ उरते, आणि अशा संख्येला ४ ने कितीही वेळा गुणले (येथे सहा वेळा गुणले आहे) तरी तीन वर्गांत ती बसत नाही. चार वर्गांत कोणतीही नैसर्गिक संख्या बसते हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. कागदावर करून पाहावे : ९० चा वर्ग ८,१००, उरले ९१, ते म्हणजे ८१, ९ आणि १. म्हणजे ८,१९१ हे ९०, ९, ३ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज झाले. प्रत्येकाला ६४ ने गुणल्यावर ५,७६०, ५७६, १९२ आणि ६४ यांच्या वर्गांची बेरीज ३,३५,५०,३३६ भरते.

घनांच्या बाबतीत ती अधिक उदार आहे. १ पासून १२७ पर्यंतच्या सर्व विषम संख्यांचे घन घेऊन बेरीज केली की हीच संख्या येते. पदे ६४ आहेत. शिवाय ती त्रिकोणी संख्याही आहे : १ पासून ८,१९१ पर्यंत सर्व संख्यांची बेरीज केली तरी हीच येते. युक्लिडच्या घडणीतून हे आपोआप निघते, त्याला वेगळा पुरावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या नाशिकजवळच्या देवळालीला काप्रेकर गुरुजी राहत असत. त्यांनी संख्यांचे अनेक प्रकार सांगितले. त्यांच्या वर्गीकरणात ही संख्या कोठे बसते? (नाशिक रोड)

उत्तर : हा प्रश्न येईल असे वाटलेच होते. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) यांनी देवळालीच्या शाळेत शिकवीत असताना संख्यांच्या अंकांवरून अनेक प्रकार पाडले आणि त्यांना देशी नावे दिली. त्या प्रकारांच्या कसोट्या एकेक करून लावून पाहू.

पहिली हर्षद संख्या. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. ३,३५,५०,३३६ च्या अंकांची बेरीज २८ आहे. पाचव्या परिपूर्ण संख्येच्या अंकांची बेरीज दुसरी परिपूर्ण संख्या यावी हे पाहून मन हरखते खरे. पण २८ मध्ये ७ आहे, आणि आपल्या संख्येत २ व ८,१९१ यांखेरीज दुसरा मूळ विभाजक नाही, तेव्हा भाग जात नाही. संख्या हर्षद नाही. गंमत अशी, की २८ मुळे तिसऱ्यांदा बेरीज करण्याचा मोह होतो : २ आणि ८ मिळून १०, त्यांचा १. हा शेवटचा १ मात्र योगायोग नव्हे. ६ सोडल्यास प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला ९ ने भागल्यास बाकी १ च उरते. आपल्या संख्येतून १ वजा केल्यास ८,१९३ गुणिले ४,०९५ उरतात आणि त्या दोहोंनाही ३ ने भाग जातो, यातच त्याचे कारण आहे.

दुसरी स्वयंभू संख्या, जिला गुरुजींनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की एक नवी संख्या ‘जन्मते’. जिला असा कोणीही जनक नाही ती स्वयंभू. येथे शोध फार लांबवावा लागत नाही. ३,३५,५०,३१३ च्या अंकांची बेरीज २३, आणि २३ मिळवले की ३,३५,५०,३३६. जनक सापडला, संख्या स्वयंभू नाही. (पाच, चौदा, तेवीस, बत्तीस अशा नवाच्या अंतराने येणाऱ्या बेरजाच तपासाव्या लागतात, बाकीच्या चालतच नाहीत. हे का, ते वाचकांनी शोधावे.)

तिसरी, जिला जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात ती काप्रेकर संख्या. ४५ चा वर्ग २,०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे केले की बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ मिळून २९७. आपल्या संख्येचा वर्ग सोळा अंकी आहे : १,१२,५६,२५,०४,५७,१२,८९६. आठ-आठ अंकांचे तुकडे केले तर १,१२,५६,२५० आणि ४,५७,१२,८९६, बेरीज ५,६९,६९,१४६. जवळपासही नाही.

म्हणजे तिन्ही कसोट्यांत ती नापास. येथे माझे मत नोंदवतो. परिपूर्ण असणे, मूळ असणे, त्रिकोणी असणे हे संख्येचे स्वतःचे गुण आहेत. ती रोमन अंकांत लिहिली किंवा गोट्या मांडून दाखवली तरी ते बदलत नाहीत. हर्षद, स्वयंभू, काप्रेकर हे गुण संख्येचे नसून तिच्या दशमान पेहरावाचे आहेत, आणि दशमान पद्धत आपल्याला दहा बोटे असल्यामुळे आली आहे. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या भूमितीतून निघालेल्या संख्येने दहा बोटांच्या कसोटीला उतरावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. दुपटी-दुपटीने घडलेल्या संख्येचा स्वाभाविक पेहराव द्विमान पद्धतीचा. त्या पद्धतीत आपली संख्या अशी दिसते :

११११११११११११०००००००००००० च्या आधी आणखी एक १, म्हणजे तेरा एक आणि त्यांपुढे बारा शून्ये.

या पेहरावात तिला काप्रेकरांची कसोटी पुन्हा लावू. आधी २८ वर हात बसवून घ्यावा. २८ चा वर्ग ७८४; द्विमानात ११०००१००००. उजवीकडून सहा अंक सोडून छेद दिला की डावीकडे ११००, म्हणजे १२, आणि उजवीकडे ०१००००, म्हणजे १६. बारा आणि सोळा मिळून अठ्ठावीस. आता ३,३५,५०,३३६ च्या वर्गाला उजवीकडून सव्वीस अंकांवर छेद द्यावा. डावीकडे बारा एक आणि बारा शून्ये उरतात. त्यांचे मूल्य १,६७,७३,१२०. उजवीकडे एकच १ आणि त्यापुढे चोवीस शून्ये. त्याचे मूल्य १,६७,७७,२१६. बेरीज ३,३५,५०,३३६. हा अपघात नाही : प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत अशीच जुळते, घातांकाच्या दुपटीइतके अंक उजवीकडे ठेवून छेद द्यायचा एवढेच पथ्य. गुरुजींची मूळ व्याख्या दशमानाची आहे आणि छेदाची जागाही तीत संख्येच्या अंकांइतकी ठरलेली असते; येथे ती एका अंकाने सरकली आहे, तेव्हा ही सवलत घेतली आहे हे मान्य केले पाहिजे. तेवढी दिली तर देवळालीच्या वर्गीकरणात ही संख्या पहिल्या रांगेत बसते.

प्रश्न : घातांक म्हणून ३ घेतल्यास ७ मिळतात, ७ घेतल्यास १२७, आणि दोन्ही मूळ. तसे ८,१९१ हाच घातांक घेतला तर आणखी मोठी परिपूर्ण संख्या मिळेल ना? (अकोला)

उत्तर : असा कयास पुष्कळांनी केला होता आणि तो करण्यास सबळ कारण होते. ३, ७, ३१ आणि १२७ या चारही मूळ संख्या घातांक म्हणून वापरल्यास मूळ संख्याच मिळतात. ३१ घातांकाची संख्या मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये आणि १२७ घातांकाची मूळ आहे हे ल्युकाने १८७६ मध्ये सिद्ध केले. पाचवी पायरी ८,१९१ ची. २ च्या ८,१९१ व्या घातातून एक वजा केल्यास जवळजवळ अडीच हजार अंकांची संख्या येते, आणि १९५३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक या संगणकावर व्हीलर यांनी ती तपासली. ती मूळ नाही असे निघाले. त्या वेळी तिचा एकही विभाजक हाती आला नव्हता. मूळ नाही एवढेच कळले होते. पुढे ३,३८,१९,३७,५९,४७९ असा लिहिण्याजोगा विभाजकही सापडला. तो एकूण बारा अंकी आहे. त्यातून १ वजा करून १६,३८२ ने भागावे. २,०६,४४,२२९ हे उत्तर निःशेष येते. रत्नागिरीच्या वाचकांना सांगितलेला नियमच येथे २६ च्या जागी १६,३८२ घेऊन लागू झाला आहे. आणि १६,३८२ म्हणजे कराडच्या आजोबांनी आणि नातीने मांडायचा राहिलेला तोच विभाजक.

आपली शिडी ३, ७, १२७ अशी होती. तिच्यात ८,१९१ ही पायरीच नाही, हेही पाहावे. तुमच्या शिडीची पुढची पायरी २ च्या १२७ व्या घातातून एक वजा केलेली संख्या, आणि तीही मूळ आहे. त्याच्यापुढची पायरी मूळ आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, कारण तिच्यात किती अंक आहेत हे सांगणारी संख्याच अडतीस अंकी आहे.